आत्याच्या गळ्याची गिटार

पूर्णेच्या रेल्वे कॉलनीत आमचं क्वार्टर अगदी शेवटच्या ओळीत होतं. बाबा लोको शेडमध्ये फिटर होते. राख, वाफ आणि शिट्ट्या यांची मला एवढी सवय झाली होती की पुढं परभणीच्या कॉलेजात जायला लागले, तेव्हा तिथल्या शांततेनं माझं डोकं दुखायचं.

स्टेशनामागं भाड्याच्या घरात एक अँग्लो-इंडियन बाई राहायच्या. त्यांचे यजमान मेल गाडीचे ड्रायव्हर होते, ते वारले तरी बाई पूर्णेतच राहिल्या. रेल्वेतल्या पोरांना त्या इंग्रजी शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. मॅट्रिकच्या वर्षी बाबांनी मलाही त्यांच्याकडं धाडलं. त्यांच्या बैठकीत भिंतीला एक लाकडी गिटार टांगलेली असायची. धडा संपला की मॅडम ती उतरवून घ्यायच्या आणि स्वतःशीच वाजवायच्या. मी निघायचं नाव घेत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. एक दिवस त्यांनी गिटार माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "बैठ. बोटां दुखींगे, रोने का नहीं."

बोटं दुखली. रडले नाही. मॅट्रिक झाली, अकरावी-बारावी झाली, मी बी.एस्सी.ला गेले, तरी रविवारची माझी मॅडमकडची फेरी चुकली नाही. मॅडमच्या तरुणपणी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये नाताळाचे नाच व्हायचे, तेव्हा त्या बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवायच्या. ती गिटार पलंगाखाली काळ्या पेटीत होती. मी ती एकदाच पाहिली होती. आतून पोकळ, फुगीर अंगाची, कडेला गडद तपकिरी आणि मधोमध मधाच्या रंगाची. व्हायोलिनला असतात तशा दोन नागमोडी फटी. मॅडमनीही ती सिकंदराबादच्या कुणा वादकाकडून जुनीच घेतली होती.

आता आत्याचं सांगायला हवं. माझी आत्या गंगेकाठच्या, म्हणजे आमच्या गोदावरीकाठच्या, एका खेड्यात दिलेली होती. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावोगावी आमच्या लोकांची घरं जळाली, त्यात आत्याचंही घर गेलं. नवरा आधीच वारला होता. मुलाला घेऊन, अंगावरच्या लुगड्यानिशी, ती आमच्याकडं आली. पहिले काही महिने ती फारशी बोलली नाही. मग स्टेशनाबाहेर भाजी विकायला बसू लागली आणि एक दिवस, मेथीच्या जुड्या बांधता बांधता, गायला लागली. गाणं तिचं स्वतःचंच होतं. पुढंही ती स्वतःची गाणी स्वतःच जुळवायची.

हळूहळू कॉलनीतल्या बायका तिच्याभोवती जमल्या आणि महिलांची गायन पार्टी उभी राहिली. जयंतीला, नामांतराच्या सभांना, कुणाच्या लग्नात बोलावणी येऊ लागली. एक काकू पेटी वाजवायची, आत्याचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, ढोलकीवर. अडचण एकच होती. आत्याचा आवाज खालचा, पार खर्जातला. पेटी तिच्यावर चढून बसायची. लोकांना पेटी ऐकू जायची, आत्याचे शब्द जायचे नाहीत.

एका संध्याकाळी मी मॅडमची लाकडी गिटार मागून आणली आणि आत्याच्या गाण्याखाली नुसते सूर धरत गेले. आत्या कडव्याच्या मधेच थांबली.

"हे काय वाजवायलीस गं? माझ्या आवाजाखाली कुणी घोंगडी अंथरल्यावानी वाटायलंय."

त्या दिवसापासून पार्टीला गिटार हवी झाली. पण लाकडी गिटारीचा आवाज मंडपात पहिल्या रांगेपलीकडं जात नाही. तारेनं अँप्लिफायरला जोडता येईल अशी, इलेक्ट्रिकच लागणार होती. बायकांनी वर्गणी काढली, बाबांनी भर घातली. त्याच सुमाराला मॅडमनी सिकंदराबादला मुलीकडं कायमचं जायचं ठरवलं. सामान विकायला काढलं. गिटारीची काळी पेटीही त्यात होती.

मी धावतच घरी आले आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "मॅडमची गिटार घेऊ आपण."

आतेभाऊ ढोलकीच्या दोऱ्या ताणत बसला होता. त्यानं मान वर केली. "जुनी?"

"जुनी, पण चांगली हाय."

"न्हाई," तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं, म्हणून जास्तच लागलं. "आपल्या लोकांनी जन्मभर दुसऱ्याचं उतरलेलंच वापरलं. उतरलेलं लुगडं, उतरलेल्या वहाणा, उरलेली भाकर. आता आपल्या पैशानं पहिल्यांदा वाजवायची वस्तू घ्यायलोत, तर ती तरी कोरी घ्या. नांदेडला दुकानात नव्या आल्यात म्हणं. लाल, चकचकीत. स्टेजवर धरली की लोकांनी बघत राहावं."

 घर जळालं तेव्हा तो पंधरा-सोळाचा होता. आपल्या घरात कोरं काही यावं असं त्याला वाटलं, यात गैर काय होतं?  बाबा म्हणाले, "त्याचं बी खरं हाय."

मी मॅडमकडं गेले आणि झालेलं सांगितलं. मला वाटलं त्या रागावतील. त्या बिस्किटाचा डबा पुढं सारून म्हणाल्या, "तेरा भाई बराबर बोलता. नांदेड जा, नया देख को आ. दिल उधर लगा तो उधरीच ले. मेरा गिटार बुढ्ढा है, नखरे करता. आवाज पकडने का एक पिकअप मरा हुआ है, बोल देती मैं पहलेच. वापस आयी तो अपना दिमाग से आना, मेरे वास्ते नहीं."

म्हणून आम्ही नांदेडला गेलो. मी, बाबा, आत्या आणि आतेभाऊ. सकाळच्या पॅसेंजरनं. आत्यानं ठेवणीतलं हिरवं नऊवारी नेसलं होतं.

वाद्यांचं दुकान गुरुद्वाऱ्याच्या रस्त्याला होतं. दर्शनी भागात तबले, पेट्या आणि वर टांगलेल्या नव्या गिटारी. लाल, काळी, एक पांढरी. आतेभाऊ म्हणाला होता ते खोटं नव्हतं, त्यांच्यावरून नजर हलत नव्हती. त्यांच्या जोडीला जपानी इलेक्ट्रॉनिक बाजाही होता. बटण दाबलं की ढोल वाजायचा, दुसरं दाबलं की बासरी.

दुकानदार तरतरीत होता. "ताई, हेच न्या. एकात सगळं. गिटार पण वाजते, ढोलकी पण वाजते. तीन माणसं कमी लागतील."

आतेभाऊ एकदम म्हणाला, "ढोलकी मी वाजवतो." बाबांनी हसू मिशीत दाबलं. बाजाचा विषय तिथंच संपला.

दुकानदारानं लाल गिटार उतरवून माझ्या हाती दिली. हलकी होती, गुळगुळीत होती, नव्या पॉलिशचा वास येत होता. गळ्यात अडकवली तेव्हा समोरच्या आरशात मला मी दिसले. खोटं कशाला सांगू, छाती भरून आली. तीच घ्यावी असं मलाही क्षणभर वाटलं.

मग मी मॅडमनी शिकवल्याप्रमाणं ती तपासायला घेतली. बाबा शेडमध्ये सळई बघतात तसा एक डोळा मिटून दांडीवरून नजर टाकली. दांडी मध्ये किंचित वर उचललेली होती. तारांच्या बरोबर मध्यावर बोट नुसतं टेकवून छेडलं की घंटेसारखा सूर निघतो, आणि तिथंच तार दाबून वाजवली की तोच सूर यायला हवा. इथं दाबलेला सूर वर जात होता. दुसरी घेतली, काळी. तिच्या तारा इतक्या उंच की दांडीवरच्या धातूच्या पडद्यांवर दाबताना बोट कापत होतं. पांढरी त्यातल्या त्यात बरी निघाली. दांडी सरळ, सूर जवळपास जुळलेला. ती अँप्लिफायरला जोडून घेतली.

"आत्या, म्हण गं."

"हितं? दुकानात?"

"हितंच."

आत्यानं पदर खांद्यावरून घेतला, बाबांकडं एकदा पाहिलं, आणि उभ्या उभ्याच तिचं नवं गाणं धरलं:

लेक निघाली शाळेला, वाट झाली बाई रुंद
तिच्या पाटीच्या वासानं उभं शिवार झालं धुंद

रस्त्यावरची माणसं थबकली. चहा घेऊन आलेला माणूस किटली हातात धरूनच उभा राहिला. दुकानदाराची बडबड थांबली. मी पांढऱ्या गिटारीवर सूर धरत होते, जमेल तितके हलके. पण तिचा आवाज टोकदार होता. गाण्याच्या कडेकडेनं पत्रा खरवडल्यासारखा येत होता. मी बटणं फिरवून पाहिली. टोक कमी झालं, तर आवाजातला जीवच गेला.

दोन कडव्यांनंतर आत्या थांबली. "ही बी माझ्या गळ्यावरच बसायलीय, पेटीवानी. खाली बसंना."

दुकानदार म्हणाला, "बाई, गाणाऱ्यानं वाद्याप्रमाणं आवाज चढवायचा असतो."

"लय वर्षं चढवला," आत्या म्हणाली. "आता वाद्यानं उतरावं की जरा."

हे ती रागानं बोलली नाही. भाजीचा भाव सांगावा तितक्या सहज बोलली. पण मला त्या वेळी तिचा फार अभिमान वाटला.

परतीच्या गाडीत आतेभाऊ खिडकीशी बसला होता.  मीच त्याच्याजवळ सरकले.

"तू म्हणलास ते मला पटलंय," मी म्हणाले. "उतरलेलं नको. पण उतरलेलं म्हणजे काय? जे कुणी आपल्या अंगावर टाकतं ते. आपल्याला इचारीत बी न्हाई. हे तसं न्हाई. आज आपण दुकानातल्या साऱ्या बघितल्या, वाजवल्या, आणि नको म्हणलं. आता मॅडमची बघू. ती बी अशीच तपासू. न्हाई पटली तर तिला बी नको म्हणू."

 तो म्हणाला, "फुकट दिली तर घ्यायची न्हाई."

"न्हाई घ्यायची."

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं मॅडमकडं गेलो. मॅडमनी पेटी उघडून दिली आणि स्वतः लांब खुर्चीत जाऊन बसल्या, आमच्या मध्ये आल्या नाहीत. पॉलिश तडकून त्यात बारीक जाळं झालं होतं. तारा गंजल्या होत्या. जिथं हात टेकतो तिथला रंग पार उडालेला. आतेभावाचं तोंड उतरलं. पण मी दांडीवरून नजर टाकली तर ती दोरी धरल्यासारखी सरळ. मध्यावरचा सूर छेडला, मग दाबून वाजवला. दोन्ही एक. एवढ्या वर्षांत लाकडाला जे काही वळायचं होतं ते वळून, सुकून, आता बसलं होतं.

मॅडमच्या जुन्या रेडिओला जोडून वाजवली. वरच्या बाजूचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज विजेत उतरवणारी चुंबकाची पट्टी, मुका होता. खालचा तेवढा चालत होता. आत्या न सांगताच गाऊ लागली. गिटारीचा आवाज जाड होता, गोल होता, आणि तो खरंच खाली जाऊन बसला. आत्याचा एकेक शब्द त्यावर उभा राहिला. आतेभावानं नकळत मांडीवर ताल धरला.

गाणं संपल्यावर मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, "ले जा बेटी. पैसा नको."

बाबा पुढं झाले. शेडमध्ये साहेबासमोरही ते फार बोलत नसत. त्या दिवशी मात्र म्हणाले, "मॅडम, आपने लेकीको विद्या दिये. उसका मोल हमसे होनेका नहीं. मगर ये चीज हम खरीदने कू आये. वाजिब दाम बोलो."

मॅडमनी बाबांकडं नीट पाहिलं. मग उठल्या, चष्मा लावला आणि दाम सांगितला. मेलेल्या पिकअपबद्दल बाबांनी थोडी घासाघीस केली. मॅडमनी ती तितक्याच गांभीर्यानं केली. व्यवहार पुरा झाल्यावर दोघांनी हात मिळवले.

मुका पिकअप मी स्वतः दुरुस्त केला. कॉलेजात प्रॅक्टिकलला आम्हाला डाग द्यायला शिकवलं होतं. आमच्या मास्तरांनी मीटर आणि सोल्डरिंगची कांडी वापरायला दिली. केसाहून बारीक तांब्याची तार आत वेटोळ्याच्या तोंडाशीच तुटली होती. पहिल्यांदा जोडताना ती आणखी तुटली. एक वेढा उलगडून नवं टोक काढलं, श्वास धरून डाग दिला. मीटरचा काटा हलला. वर्गातली मुलं टेबलाभोवती गोळा झाली होती. त्यांत मुलगी मी एकटीच होते. मास्तर फक्त "हं" म्हणाले, पण पुढच्या तासाला त्यांनी चुंबकाचा धडा गिटार टेबलावर ठेवूनच शिकवला.

पहिला मोठा कार्यक्रम त्याच वर्षी बोरीला झाला, जयंतीच्या आठवड्यात. संध्याकाळी टेम्पोनं पोचलो. मंडपवाल्याच्या अँप्लिफायरला गिटार जोडली आणि तारांना हात लावला, तर बोटांना झिणझिण्या आल्या. वायरिंगला अर्थिंगच नव्हतं. मी हात काढून घेतला.

मंडपवाला म्हणाला, "काय होत न्हाई ताई. माईकवाले रोज तसंच बोलत्यात."

"मी अर्थिंगबगर वाजवणार न्हाई," मी म्हणाले.

तो हसला. आतेभाऊ हसला नाही. त्यानं विचारलं, "काय लागंल?" मी सांगितलं, लोखंडी सळई, ओली जमीन आणि वायर. त्यानं कुणाकडून तरी पहार मिळवली, हापशाजवळच्या ओल्या मातीत खोल ठोकली, वर बादलीभर पाणी ओतलं, आणि वायर मंडपापर्यंत आणली. मी जोडणी केली. मग त्यानं आधी स्वतःच तारांना हात लावून पाहिलं आणि मला मान हलवून खूण केली.

गावच्या बायका मंडपाच्या बाहेर, अंधाराच्या कडेला बसल्या होत्या. पुढं सगळे पुरुष. साडी नेसलेली पोरगी गळ्यात असलं वाद्य अडकवून उभी राहिलेली त्यांनी कधी बघितली नव्हती. कुणीतरी शिट्टी मारली, कुणीतरी "सिनेमावाली आली" म्हणालं.  आत्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिनं सरळ गाणं उचललं.

मी खालचे सूर धरले. बोरीच्या त्या भोंग्यांतून ते पार शेवटच्या घरापर्यंत गेले असतील, आणि त्यांच्यावरून आत्याचा खर्जातला आवाज, एकही शब्द न सांडता. दुसऱ्या कडव्याला शिट्ट्या थांबल्या. चौथ्या गाण्याला बाहेरच्या बायका उठून आत आल्या. पुरुषांना सरकायला लागलं. एक म्हातारी तर थेट स्टेजच्या पायरीशी येऊन बसली आणि नातीला म्हणाली, "बघ, कशी वाजवायलीय. बघून घे."

कार्यक्रम संपल्यावर पोरांचा घोळका गिटारीभोवती जमला. एकानं विचारलं, "नवी हाय का?"

मी काही बोलायच्या आत आतेभाऊ म्हणाला, "न्हाई. जुनी हाय. नांदेडच्या साऱ्या नव्या बघितल्या, मग ही घेतली." छाती पुढं काढून म्हणाला. जणू ती त्यानंच शोधून काढली होती.

बोरीनंतर बोलावणी वाढली. पाथरी, सेलू, देवगाव फाट्यावरच्या सभा, अगदी हिंगोलीपर्यंत. जीपमध्ये गिटार आत्याच्या मांडीवर असायची, दुसऱ्या कुणाकडं ती द्यायची नाही. मॅडमना आम्ही स्टेशनवर पोचवायला गेलो तेव्हा फलाटावरच पार्टीनं त्यांना एक गाणं म्हणून दाखवलं. इंजिन ड्रायव्हरनं ते संपेपर्यंत शिट्टी दिली नाही. पुढं मॅडमचं निधन झाल्याचं त्यांच्या मुलीनं कळवलं.

मी शिक्षिका झाले. पाथरीच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले. लग्न ठरताना पाहुण्यांनी विचारलं, मुलीला काय काय येतं. बाबांनी सांगितलं, "एम.एस्सी. झालीय, आन् गिटार वाजविते. लग्नानंतर बी वाजविल." बाबांनी ते हसत सांगितलं, पण त्यात पर्याय ठेवला नव्हता. पाहुण्यांनी ते मान्य केलं, आणि पाळलंही.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला. पूर्णेला रस्त्यावर माणूस मावत नव्हता. आमच्या पार्टीला ट्रकवर चढवलं होतं. आत्याचे केस तोवर पांढरे झाले होते, आवाज मात्र आणखी खाली गेला होता, आणखी भरदार झाला होता. तिनं त्या दिवशी नवं गाणं केलं होतं, आणि ते तिनं आम्हाला आधी ऐकवलंच नव्हतं. ट्रक चालू झाल्यावर ती म्हणाली, "तू धर सूर, मी येते." मी सूर धरला. ती आली. ढोलकी आली. सोळा वर्षांत ज्यांची घरं पडली, ज्यांची माणसं गेली, असे कितीतरी लोक ट्रकच्या दोन्ही बाजूंनी चालत होते, रडत होते आणि नाचत होते.

ट्रक लोको शेडसमोरून गेला तेव्हा दारात बाबा उभे होते, निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेले, निळ्या कपड्यांत, हात ग्रीसनं काळे. शेजारच्या मदतनीस खलाशाच्या खांद्यावर तो काळा हात ठेवून ते मोठ्यानं म्हणाले, मला ट्रकवर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "ती गाणारी माझी बहीण. आन् ती वाजविणारी माझी लेक."